गोलाणी मार्केटमधले तिसरे व्रत

खान्देशात कॉम्प्युटर घेणाऱ्याला एक गोष्ट कुणी वेगळी सांगत नाही, कारण ती सगळ्यांनी धरूनच चाललेली असते. डब्याचे, मॉनिटरचे, की-बोर्डचे पैसे मोजायचे आणि आत जे चालते ते 'टाकून' मिळते. विंडोज टाकून, ऑफिस टाकून, फोटोशॉप टाकून. जळगावच्या गोलाणी मार्केटात माझे दुरुस्तीचे दुकान आहे, विंडोज ९८ च्या काळापासूनचे. त्या काळी बाजारात जोडून मिळणाऱ्या मशीनबरोबर मार्करने नाव लिहिलेली एक सीडी येई आणि एक्सपी आल्यावर त्याची एक ठरावीक की कितीतरी टेक्निशियनांना तोंडपाठ होती. आजही शिंदखेड्याकडचा एखादा माणूस लॅपटॉप काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, ऑफिस टाकी दे ना, त्यामा काय शे!"

त्यात काय आहे, हाच खरा प्रश्न आहे. तो मी अनेक वर्षे उगाळतो आहे.

रावेरच्या मळ्यातून रात्री कुणी केळीचा घड कापून नेला तर सकाळी खोडावर घड नसतो. शेतकऱ्याचे गेले, चोराला मिळाले. सॉफ्टवेअरची प्रत काढली तर कंपनीकडची मूळ प्रत जागेवरच असते. तिच्या गोदामातली एक वस्तूही कमी होत नाही. मग गेले कुणाचे? ज्याच्याकडे विकत घ्यायला पैसेच नव्हते, त्याने प्रत काढली नसती तरी कंपनीला त्याच्याकडून काही मिळणार नव्हते. हा युक्तिवाद आमच्या मार्केटातल्या प्रत्येक पोराला येतो, आणि तो अडाणी नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये विशीतल्या बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडे पत्र लिहिले आणि तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असे त्यांना तोंडावर सांगितले. तेव्हाही हौशी मंडळींपैकी अनेकांनी ते मान्य केले नाही.

कायद्याने या वादाचा निकाल केव्हाच लावला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्राम आला. १९९४ च्या दुरुस्तीने शिक्षा आली : नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा कोर्टाला आहे. पण कायदा काय सांगतो आणि पाप कशाला म्हणायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझे वडील मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारे. कलम विचारून त्यांनी कधी काही केले किंवा टाळले नाही. दुसऱ्याच्या बांधावरचे बोर त्यांनी उचलले नाही, ते पोलिसाच्या भीतीने नव्हे.

मला उत्तराचा धागा मिळाला तो बाजूच्या दुकानातल्या शेठकडून. स्टेशनरी, पेनड्राइव्ह, प्रिंटरची शाई असे त्यांचे दुकान. जन्माने ओसवाल जैन. पर्युषणात संध्याकाळी लवकर शटर ओढून प्रतिक्रमणाला जाणारे. एकदा गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी मी त्यांना केळीच्या घडाचा हा हिशेब ऐकवला. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही तिजोरी कुणाची रिकामी झाली ते बघता. आमचं तिसरं व्रत हात कुणाचा पुढे झाला ते बघतं."

जैन श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, पाच अणुव्रतांत तिसरे आहे अचौर्य. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र श्वेतांबर आणि दिगंबर दोघेही मानतात. त्यात चोरीची व्याख्या मालकाच्या नुकसानीवरून केलेलीच नाही. जे दिलेले नाही ते घेणे, एवढीच ती व्याख्या. मालकाचे किती गेले, त्याला कळले का, तो गरीब की श्रीमंत, हे प्रश्न त्यात येत नाहीत. नुकसानीच्या व्याख्येपुढे सॉफ्टवेअरची नक्कल गोंधळात पडते, कारण नुकसान मोजताच येत नाही. 'दिले होते का' या प्रश्नापुढे गोंधळ उरत नाही. इन्स्टॉल करताना आपण न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो त्या पानावर दिले की नाही दिले, कुणाला आणि किती मशीनवर, हेच तर लिहिलेले असते.

इथे एक गमतीचे प्रकरण येते ते फायली दाबून बांधणाऱ्या विनरारचे. चाळीस दिवस फुकट, असे ते सांगते. एक्केचाळिसाव्या दिवशी नम्रपणे पैसे मागते आणि तुम्ही खिडकी बंद केली की पुढची दहा वर्षे मुकाट काम करत राहते. दार उघडे आहे, पण 'या' म्हटलेले नाही. शेठना विचारले तर ते हसले आणि म्हणाले, उघडं दार म्हणजे निमंत्रण नव्हे. मी गिऱ्हाइकाला सेव्हन-झिप टाकून देतो. ते खरोखरच दिलेले आहे आणि झिप उघडायला तेवढे पुरते.

पण मला जास्त हादरवले ते या व्रताच्या अतिचारांनी. व्रत सरळ मोडले नाही तरी त्याला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी शास्त्राने सांगितल्या आहेत आणि श्रावक त्या प्रतिक्रमणात आठवून आठवून कबूल करतो. चोराला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे, खोटी वजनेमापे वापरणे, अस्सलच्या जागी नक्कल खपवणे. शेठनी ही यादी बोटांवर मोजून दाखवली तेव्हा मला वाटले की हे शास्त्र लिहिणारा आमच्या मजल्यावरून एक फेरी मारून गेला असावा. क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी मोडणारी फाइल, टाकून देणारा टेक्निशियन पहिल्यात बसतो, टाकून घेणारा दुसऱ्यात, बिल न देणारा तिसऱ्यात. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारी विंडोजची 'ओरिजिनल' की पाचव्यात. ती की बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातून किंवा भंगारात गेलेल्या मशीनवरून आलेली असते. काही महिने चालते, मग स्क्रीनच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' उमटते आणि विकणाऱ्याचा पत्ता लागत नाही.

आणि चौथा अतिचार, खोटी वजनेमापे? आम्ही तराजू वापरत नाही, म्हणून आम्ही त्यातून सुटलो असे कुणाला वाटेल. उलट दुरुस्तीच्या धंद्यात सर्वात मोठी चोरी इथेच होते आणि तिच्यावर कोणतीही कंपनी ओरडत नाही. कॉम्प्युटर सुरू होत नाही, नुसता बीप-बीप करतो. बऱ्याच वेळा रॅम जागेवरून हललेली असते किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ बसलेला असतो. रॅम काढायची, शाळेतल्या खोडरबराने दात पुसायचे, परत घट्ट बसवायची. पाच मिनिटांचे काम. पण गिऱ्हाइकाला 'रॅम गेली' म्हणून सांगता येते, आणि त्याला काय कळणार? जिनिंगच्या ऑफिसातले मशीन एप्रिल-मेमध्ये आपोआप बंद पडते. बाहेर ४४ अंश, आत पंख्याच्या पात्यांवर कापसाचा तंतू नमद्यासारखा बसलेला. ब्लोअरने साफ करून प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली की मशीन ठणठणीत होते. पण 'मदरबोर्ड उडाला' हे वाक्यही तितक्याच सहज उच्चारता येते. पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डरे शॉर्टकट झाली, आत काही नाही, पोरगी रडते आहे, प्रोजेक्ट उद्या द्यायचा आहे. फायली कुठेही गेलेल्या नसतात, व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात. अ‍ॅट्रिबची एक कमांड दिली की पुन्हा दिसतात. याचे 'डेटा रिकव्हरी' म्हणून हजारो रुपये घेणारे मला माहीत आहेत. त्यांनी क्रॅक टाकला नसेल, पण गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचे वजन करून पैसे घेतले.

म्हणून मला वाटते की नकली सॉफ्टवेअरच्या पापाची वाटणी आपण चुकीची करतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती 'वापरणाऱ्यां'ची. पण जैन विचारात हिंसा काय, चोरी काय, कर्माचे बंधन ठरते ते करणाऱ्याच्या मनातल्या क्रोध-लोभासारख्या कषायांवरून आणि बेफिकिरीवरून. गंमत अशी की आपल्या कायद्याच्या त्या कलमातही 'जाणूनबुजून' ही अट आहे. चोपड्याच्या शाळेतल्या मुलाने एमएस-सीआयटीसाठी घरच्या जुन्या मशीनवर जे होते त्यावर शिकून घेतले. त्याला एक्सेल हे विकत घ्यायचे असते हेसुद्धा ठाऊक नव्हते. २००१ मध्ये तो कोर्स सुरू झाल्यावर खान्देशातल्या कितीतरी पोरांनी पोटापाण्याची विद्या अशीच मिळवली. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ धजत नाही. जाणणारा होता तो आम्ही मार्केटातला माणूस. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला लागतो हे त्यालाच माहीत होते आणि तो का बंद करायला लागतो हेही. अ‍ॅक्टिव्हेटर नावाच्या त्या छोट्या फाइलला मशीनच्या सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात. आत काय आले ते महिन्याभराने कळते, जेव्हा हंगामाच्या हिशेबाच्या फायलींना भलतेच शेपूट लागते आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा असाच खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो मुख्यतः अपडेट न केलेल्या विंडोजवर. आणि नकली विंडोजवाला अपडेट पहिल्यांदा बंद करतो, पकडले जाऊ म्हणून.

एवढे सगळे ऐकून धुळ्याचे माझे साडू एकदा चिडले. ते मराठीचे मास्तर. म्हणाले, "नकलेला पाप म्हणायचं असेल तर आधी आमच्या वाग्देवता मंदिराला कुलूप लावा."

त्यांचे म्हणणे वजनाचे होते. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर हे नकलांचेच मंदिर आहे. शंकरराव देवांनी मठामठांतून, घरांच्या माळ्यांवरून बाडे गोळा केली. आज तिथे जपलेला सर्वात मोठा ठेवा म्हणजे समर्थ रामदासांच्या स्वतःच्या हातचे वाल्मीकि रामायण. समर्थांनी ते रचले नाही, उतरवून काढले. म्हणजे अक्षरशः कॉपी केली आणि ती तपश्चर्या ठरली. दासबोधात तर लेखनक्रियेवर एक अख्खा समास आहे : कागद कसा, शाई कशी, अक्षर कसे, शेवटच्या पानापर्यंत ते सारखे कसे राहावे. नक्कल उत्तम करण्याच्या टिप्सच म्हणा ना. छापखाना येईपर्यंत आपला सगळा धर्म नकलेवर जगला. मग विंडोजनेच काय घोडे मारले?

मी साडूंना एवढेच विचारले की या परंपरेत चोर कुणालाच म्हटलेले नाही काय? म्हटले आहे. तुकोबांचे अभंग घेऊन 'तुका' काढून स्वतःचे नाव घालणाऱ्या सालोमालोला म्हटले आहे. उतरवून घेण्यावर तुकोबांचा राग नव्हता, नाममुद्रा खोडण्यावर होता. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा पाठ उतरवायला कुणाला मनाई केली नाही, पण त्यात पदरची ओवी घालणाऱ्याला सज्जड बजावले. दुसऱ्या टोकाला महानुभाव. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत कुलूपबंद केले. किल्ली पंथाबाहेर द्यायची नाही असे ठरवले आणि शतकानुशतके बाहेरच्याला ते वाचता आले नाहीत. तिघांनी तीन वेगळ्या अटी घातल्या. अट कोणती असावी हे देणाऱ्याने ठरवायचे आणि घेणाऱ्याने ती पाळायची. रामायण समर्थांना कुणी नाकारलेले नव्हते. ते सगळ्यांसाठी होते.

कॉम्प्युटरच्या जगातही असे पंथ आहेत. विंडोज महानुभावांच्या वाटेने गेले. रिचर्ड स्टॉलमनने १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना लिहिला : प्रत काढा, वाटा, बदलसुद्धा करा, पण मूळ नावे खोडू नका आणि तुम्ही पुढे द्याल तेव्हा याच अटींवर द्या. यात सालोमालोला जागा नाही. ओवी घालायची परवानगी मात्र आहे, नाथांना ती पटली असती असे नाही. अशा तऱ्हेने 'दिलेले' आज इतके आहे की गरिबीची सबब आता टिकत नाही. लिनक्स आहे, २०१० पासून लिब्रेऑफिस आहे, फोटोसाठी गिंप आहे, व्हीएलसी आहे. मराठी टायपिंगला युनिकोडचे कळफलक विंडोजमध्येच येतात. आधी एकेका फॉन्टच्या पॅकेजला मागे डाँगल लावावे लागे. इंजिनीअरिंगच्या पोरांना ऑटोकॅड विद्यार्थी म्हणून फुकट मिळते, कंपनीच देते, तरी ती क्रॅक शोधत माझ्याकडे येतात. ही गरज नव्हे, सवय आहे. आमच्या दुकानात क्रॅक टाकला जात नाही हे सांगितल्यावर काही गिऱ्हाइके जिना उतरून जातात. जाऊ देतो.

इथपर्यंत शेठ माझ्यावर खूश होते. पुढचे त्यांना तितकेसे रुचले नाही.

गोलाणी मार्केटपासून थोड्याच अंतरावर, जैन हिल्सवर, २०१२ मध्ये गांधीतीर्थ हे संग्रहालय उभे राहिले. गांधींचे चोरीविषयीचे मत वाचले की दुकानदाराला घाम फुटतो. 'हिंद स्वराज'च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर त्यांनी कोणतेही हक्क राखून ठेवले नाहीत असे छापले होते. पुढे आपल्या लिखाणाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपवले, ते २००९ च्या सुरुवातीला संपले आणि नवजीवनने ते वाढवून मागितले नाहीत. पण १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला दर मंगळवारी व्रतांवर पत्रे धाडली, त्यात ते जैनांच्याही पुढे गेले. जी वस्तू आपल्याला लागत नाही ती परवानगीने घेतली तरी चोरी, असे त्यांनी म्हटले. म्हणजे दिलेलेसुद्धा!

आता दिवाळीच्या ऑफर काढा. अँटिव्हायरस, तीन मशीन, तीन वर्षे, निम्म्या किमतीत. घरात मशीन एक. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच बसलेला आहे आणि घरगुती वापराला बहुतेकांना तो पुरतो. तरी माणूस डबा घेऊन जातो, कारण निम्म्या किमतीत मिळाला. त्याने पैसे दिले, पावती घेतली, कंपनी खूश, कायदा खूश. गांधींच्या मापाने तरीही हात बरबटला, आणि तो माझाही, कारण मी विकला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला तेव्हा बाजारात एकच ओरड झाली : नवे घ्या. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर किंवा टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेले मशीन विंडोज ११ घेत नाही, हे खरे. पण यावलच्या केळीच्या व्यापाऱ्याचे सहाव्या पिढीचे आय-५ मशीन त्या तारखेला बिघडले नव्हते. त्याला वर्षभराची वाढीव सुरक्षा अपडेट मिळवता येत होती. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, आणि पुढे लिनक्स मिंट टाकले की पत्रे, ईमेल, बँक, युट्यूब यांना ते आणखी बरीच वर्षे चालेल. त्याला नवा लॅपटॉप विकणे कायदेशीर होते. मी ते फुकटच्या क्रॅकपेक्षा जास्त गंभीर मानतो. क्रॅकवाल्याने निदान लागणारी वस्तू उचलली होती.

शेठ म्हणाले, "मग धंदा करायचा कसा?" रास्त प्रश्न आहे. मजुरीवर करायचा. लिब्रेऑफिस फुकट आहे, पण ते बसवून, जुन्या फायली त्यात नीट उघडतात की नाही ते तपासून, मुनीमजींना तासभर शिकवण्याचे मी पैसे घेतो आणि बिलावर 'मजुरी' असे लिहितो.

फुकट मिळाले म्हणूनही माणूस सुटत नाही, हे धुळ्याने सांगून ठेवले आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. एकाने बोलायचे, दुसऱ्याने हात झिजवायचा, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले भोगून परत काही न देणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. लिब्रेऑफिसचे मराठी रूप कुणीतरी वेळ काढून केले. त्यातला एखादा मराठी शब्द चुकला असेल, जोडाक्षर तुटत असेल तर तेवढे कळवणे हीसुद्धा परतफेड आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. आमच्या भागातून ती फारशी होत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मशीन दुरुस्तीला न्याल तेव्हा टेक्निशियनला काढलेला भाग परत मागा. काय टाकले त्याची नावे कागदावर लिहून घ्या. अँटिव्हायरस बंद करून काही टाकत असेल तर मशीन उचला आणि घरी चला. ऑफर दिसली तर आधी घरातली मशीन मोजा. आणि दुकान माझे असो की दुसऱ्या कुणाचे, बिल घेतल्याशिवाय जिना उतरू नका.